मेझोटिंट: आधी काळा, मग चित्र

जपानी छापचित्रकार योझो हामागुचीची चेरीची चित्रं ज्यांनी मूळ प्रिंटमध्ये, निदान चांगल्या छपाईच्या पुस्तकात पाहिली आहेत, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो: एवढा गडद आणि तरी इतका मऊ काळा कागदावर आला कसा? सबंध कागदभर तो काळा पसरलेला असतो, त्यात कुठेतरी एक लहानसं लाल फळ, त्याचा बारीक देठ, आणि बस्स. तरीही चित्र रिकामं वाटत नाही. काळ्यालाच खोली असते.

उत्तर प्लेटमध्ये आहे. मेझोटिंटमध्ये तांब्याची अख्खी प्लेट आधी पूर्ण काळी छापली जाईल अशी तयार करायची आणि मग जिथे उजेड हवा तिथला काळा थोडाथोडा कमी करत जायचं. एचिंगमध्ये किंवा ड्रायपॉइंटमध्ये आपण पांढऱ्यावर काळी रेघ ओढतो. इथे कामाची दिशाच उलटी. ज्यांनी थोडंफार एचिंग केलं आहे, ज्यांना एखादा प्रेस वापरायला मिळू शकतो आणि ज्यांना आता मेझोटिंट करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझा सगळा भर एका गोष्टीवर राहील: प्लेट काळी करण्याच्या कामावर. पहिली प्लेट फसते ती बहुतेक वेळा तिथेच. चित्र चांगलं असतं, हातही बरा असतो, पण काळा अर्धवट राहिलेला असतो आणि अर्धवट काळ्यावर मागाहून कितीही मेहनत केली तरी चित्र राखाडीच दिसतं.

तंत्र जुनं आहे. लुडविग फॉन झीगन या जर्मन सैनिकी पेशाच्या माणसाने १६४२ मध्ये केलेलं एका राजघराण्यातल्या स्त्रीचं व्यक्तिचित्र हे पहिलं मेझोटिंट मानतात. पुढे रॉकर हे हत्यार आलं आणि अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये या तंत्राची इतकी भरभराट झाली की जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या चित्रकारांची व्यक्तिचित्रं घरोघर पोचली ती मेझोटिंटमधूनच. म्हणजे हे तेव्हा दुसऱ्याच्या तैलचित्राची नक्कल काढण्याचं साधन होतं. कॅमेरा आला आणि ती गरज संपली. विसाव्या शतकात काही चित्रकारांनी ते पुन्हा हातात घेतलं, आणि या वेळी स्वतःच्या चित्रासाठी घेतलं. योकोहामाचा कियोशी हासेगावा पॅरिसमध्ये राहून आयुष्यभर या काळ्यावर काम करत राहिला. डच चित्रकार एशरनेही १९४० च्या दशकात मोजकी मेझोटिंट केली. पानावरच्या दवबिंदूचं त्याचं १९४८ चं चित्र मिळालं तर जरूर पाहा. पण शिकणाऱ्याने ज्याच्यापाशी जास्त वेळ थांबावं असा माणूस माझ्या मते हामागुचीच.

त्याचा जन्म १९०९ चा, वाकायामा प्रांतातला. घरचा सोया सॉसचा पिढीजात धंदा. यामासा हे नाव जपानी स्वयंपाकघरांत आजही चालतं. तोक्योत शिल्पकलेचं शिक्षण सुरू केलं, ते अर्ध्यावर सोडून १९३० मध्ये पॅरिस गाठलं. महायुद्धामुळे १९३९ मध्ये जपानला परतावं लागलं. १९५३ मध्ये तो पुन्हा पॅरिसला गेला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्याने रंगीत मेझोटिंटची स्वतःची पद्धत बसवली. १९५७ मध्ये साओ पाउलोच्या आणि तोक्योच्या, दोन्ही बिएनालेंत त्याला पारितोषिक मिळालं. पुढे १९८१ पासून सॅन फ्रान्सिस्को, १९९६ मध्ये परत जपान आणि २००० मध्ये मृत्यू. एवढ्या वर्षांत त्याने विषय फारसे बदलले नाहीत. चेरी, अक्रोड, द्राक्षं, लिंबू, कलिंगडाची फोड, फुलपाखरू, लोकरीचा गुंडा. मोठे विषय तो शोधत बसला नाही, आणि पहिल्या प्लेटसाठी तुम्हीही शोधू नका.

आता कामाला लागू. प्लेट तांब्याची घ्या. जाडी एक ते दीड मिलिमीटर, म्हणजे पत्र्याच्या दुकानात अठरा किंवा सोळा गेज सांगितलं की काम होतं. मुंबईत गुलालवाडीच्या कीका स्ट्रीटवर, पुण्यात तांबट आळीच्या आसपास विचारलं तर सरळ, पोचे न पडलेला तुकडा मिळतो. तो आधी सगळ्या बाजूंनी डोळ्यासमोर आडवा धरून पाहा. बाक असेल तर घेऊ नका, कारण बाकदार पत्र्यावर रॉकर सारखा बसत नाही. आकार पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून लहान. चारही कडा कानशीने तिरप्या करा, नाहीतर प्रेसमध्ये कागद फाटतो आणि ब्लँकेटही कापलं जातं. पृष्ठभागावर खोल ओरखडे असतील तर बारीक पॉलिश पेपरने आणि ब्रासोने काढून टाका. आरशासारखी चकाकी मात्र इथे लागत नाही, कारण एवीतेवी तो सबंध पृष्ठभाग तुम्ही खरबरीत करणारच आहात.

रॉकर म्हणजे कमानीसारख्या गोलसर धारेचं रुंद पोलादी पातं. त्याच्या एका बाजूवर समांतर खाचा असतात आणि त्यामुळे धारेला बारीक दात येतात. एका इंचात किती दात, त्यावर त्याचा नंबर ठरतो: ४५, ६५, ८५, १००. नंबर जितका मोठा तितका काळा तलम, पण तो तलम काळा छापताना लवकर झिजतोही. सुरुवातीला ६५ किंवा ८५ घ्या, पात्याची रुंदी दोन-तीन इंच पुरे. आपल्याकडे रॉकर सहसा दुकानात मिळत नाही, परदेशातून मागवावा लागतो आणि महागही पडतो. म्हणून दोघातिघांनी मिळून एक घेणं शहाणपणाचं. धार गेली तर ती फक्त पात्याच्या खाचा नसलेल्या, उतार असलेल्या बाजूने तेलाच्या दगडावर लावायची, तीही पात्याची गोलाई सांभाळून. खाचांच्या बाजूला दगड लागला तर दात जातात आणि हत्यार निकामी होतं.

काम करण्याची रीत अशी. प्लेट टेबलावर घट्ट बसवा. खाली जाडसर कापड किंवा रबर घाला, म्हणजे ती सरकणार नाही. प्लेटवर मऊ पेन्सिलीने अर्ध्या इंचाच्या अंतरावर समांतर रेषा आखा. रॉकरची मूठ हातात धरून पातं जवळजवळ उभं ठेवा, किंचित पुढे कललेलं. आता मनगट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं डोलवत आखलेल्या रेषेवरून पुढे सरका. हत्यार ढकलायचं नाही. डोलण्यामुळेच ते पुढे जातं. जोरही लावायचा नाही, हाताचं वजन आणि डोलण्याची एकसारखी लय यावरच दात तांब्यात उतरू द्या. एक पट्टा संपला की शेजारचा, पहिल्यावर थोडा चढवून. सगळी प्लेट उभ्या दिशेने झाली की आडव्या दिशेने, मग दोन्ही कर्णांच्या दिशेने, मग त्यांच्या मधल्या कोनांतून.

प्रत्येक दात तांब्यात एक बारीक खड्डा पाडतो आणि खड्ड्याच्या काठावर धातूचा कंगोरा वर उचलतो. त्या कंगोऱ्याला छापणारे बर म्हणतात. शाई खड्ड्यात जितकी राहते तितकीच या बरच्या आडोशाला राहते, आणि मेझोटिंटचा मऊपणा येतो तो त्या आडोशाच्या शाईतून. एका दिशेच्या खेपेने फक्त ठिपक्यांच्या ओळी दिसतात. चार दिशांनी जाळी दिसते. पंधरा-पंधरा अंशांच्या अंतराने गेलात तर एकूण बारा दिशा होतात. त्या दोनदा करा, म्हणजे चोवीस खेपा. काही कलाकार चाळीसच्या पुढे जातात. चोवीसच्या खाली थांबू नका असं माझं स्पष्ट मत आहे. दहाव्या खेपेला प्लेट उघड्या डोळ्यांना छान मखमली दिसू लागते आणि तिथेच पुष्कळजण फसतात. भिंगाखाली धरा. ठिपक्यांच्या मध्ये तांब्याच्या चकचकीत बारीक चांदण्या दिसल्या, तर तेवढी प्रत्येक चांदणी कागदावर पांढरी येणार. भिंगाखाली कुठेही चमक उरली नाही, सगळीकडे सारखाच फिका, निस्तेज तपकिरी रंग दिसू लागला, की काळा झाला. त्याला बोट लावू नका. बर नाजूक असतो आणि बोटांचा तेलकटपणाही नडतो.

हे काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात. मला ते तसं कधीच वाटलं नाही, पण मनगटाला आणि खांद्याला ते खरोखर जड जातं. एका बैठकीत तास-दीड तासाहून जास्त करू नका. थकलेल्या हाताची लय बिघडते आणि लय बिघडलेल्या खेपा काळ्यात पट्ट्यांसारख्या उमटतात, त्या मागाहून जात नाहीत. मोठी प्लेट करायची असेल तर रॉकर लांब दांड्याला बसवून दांड्याचं दुसरं टोक खाचेतून सरकतं ठेवतात. त्यामुळे कोन आपोआप स्थिर राहतो आणि मनगट वाचतं. एखादा सुतार हा जोड सहज करून देईल.

आडवाटाही आहेत. परदेशात यंत्राने रॉक केलेल्या तयार प्लेट विकत मिळतात. ॲक्वाटिंटने प्लेट काळी करून ती घासत चित्र काढता येतं. पॉलिश पेपर प्लेटवर ठेवून पुन्हापुन्हा प्रेसमधून काढला तरी एक प्रकारचा काळा मिळतो. स्क्रेपर चालवण्याचा हात बसावा म्हणून यातलं काहीही करा, हरकत नाही. पण ॲक्वाटिंटच्या काळ्यात बर नसतो, आणि तो फरक कागदावर एका नजरेत कळतो.

चित्र निवडताना हामागुचीचं गणित लक्षात ठेवा. वस्तू लहान, काळा भरपूर. प्लेटचा निम्म्याहून जास्त भाग तसाच काळा राहील असा विषय घ्या, नाहीतर इतके दिवस रॉक केलेलं खरवडूनच टाकायचं. रेघांवर उभं राहणारं चित्र इथे नको. उजेड एका बाजूने पडलेली, गोलाई असलेली एकच वस्तू हवी. मी आवळा सुचवेन. काळ्या कापडावर ठेवलेला एक आवळा, डावीकडून खिडकीचा उजेड. त्याच्या अंगावरच्या सहा उभ्या फिकट रेषा आणि त्याची अर्धपारदर्शक कांती हा मेझोटिंटसाठी जणू मुद्दाम घडवलेला विषय आहे.

रेखाटन ट्रेसिंग कागदावर करा, कागद उलटा करून प्लेटवर ठेवा म्हणजे प्रिंट सुलटं येईल, आणि मधे लाल खडूने माखलेला पातळ कागद घालून हलक्या हाताने गिरवा. टोकदार पेन्सिल जोराने चालवली तर बर दबतो आणि ती रेघ प्रिंटमध्ये उजळ उमटते. बाहेरची रेषा आणि उजेडाची जागा एवढंच उतरवा.

स्क्रेपर धारदार हवा आणि प्लेटवर जवळजवळ आडवा धरायचा. उभा धरला की तो तांब्यात घुसतो, खाच पडते, आणि खाच शाई धरते; म्हणजे जिथे उजेड हवा तिथेच काळी रेघ. आडव्या धारेने फक्त बरचे शेंडे तासायचे. पहिल्या फेरीत आवळ्याच्या सगळ्या अंगावरून, काठ सोडून, अगदी हलका हात फिरवा. अजून काहीच दिसत नाही असं वाटेल. थोडी शाई मऊ कापडाने थोपटून पुसून घ्या म्हणजे काळ्यात एक धूसर गोल जाणवेल. दुसऱ्या फेरीत उजेडाकडची अर्धी बाजू. तिसऱ्यात त्याहून लहान भाग. असं करत उजेडाच्या ठिकाणाकडे सरकत जा. प्रत्येक फेरीत क्षेत्र कमी करायचं, म्हणजे मधल्या छटा आपोआप गोलाईत बसतात. आवळ्याच्या उभ्या रेषा बर्निशरच्या बारीक टोकाने, तेलाचा एक थेंब घेऊन, एकदाच ओढा. सगळ्यात शेवटी चकाकीचा ठिपका: तिथे बर्निशर इतका फिरवा की तांबं पुन्हा गुळगुळीत होईल. चित्रातला खरा पांढरा एवढाच. तो तिळाएवढा असला तर आवळा ओला दिसतो. नखाएवढा केला तर तो काचेची गोटी वाटू लागतो. खालच्या उजव्या काठाला कापडावरून परतलेल्या उजेडाची पुसट कड ठेवायला विसरू नका; गोलाई खरी वाटते ती तिच्यामुळेच.

काम करताना थेट दिव्याचा उजेड प्लेटवर घेऊ नका. तांबं चमकतं आणि छटांचा अंदाज पार चुकतो. खिडकी आणि टेबल यांच्या मधे लाकडी चौकटीवर ताणलेला ट्रेसिंग कागद तिरपा उभा करा. त्यातून आलेल्या विरळ उजेडात प्लेटवर बरचा उतार नीट दिसतो. निघालेला तांब्याचा कीस मऊ ब्रशने झटका, फुंकू नका, तो डोळ्यात जातो. आणि नेहमी वाटतं त्याहून कमी खरवडा. जास्त उजळ झालेली जागा लहान रॉकरने किंवा रूलेटने पुन्हा काळी करता येते, पण ती दुरुस्ती बहुधा ठिगळासारखी दिसते.

छपाईत एचिंगची सवय जरा बदलावी लागते. शाई घट्ट असेल तर ती पुसताना बर मोडतो, म्हणून प्लेट ऑइल घालून ती सैल करा आणि प्लेट थोडी कोमट करून घ्या. शाई भरताना कार्ड घासू नका, मऊ कापडाच्या गुंडाळीने थोपटत भरा. पुसायला खळ दिलेलं जाळीदार कापड, तेही वारंवार नवा भाग घेऊन, गोल गोल, हलकं. शेवटी तळहाताला किंचित खडूची पूड लावून फक्त उजळ भागावरून हात फिरवा. कागद जाड, सुती लगद्याचा घ्या, हानेम्यूले किंवा रीव्ह्ज चालेल. तो अर्धा तास तरी पाण्यात ठेवून टिपकागदात दाबून घ्या. पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसता कामा नये. प्लेट धुताना रॉकेल आणि मऊ ब्रश, खिडकी उघडी, हातात मोजे.

पहिलं प्रूफ पाहून बहुतेकांची निराशा होते, कारण प्लेटवर ज्या मधल्या छटा वेगवेगळ्या वाटल्या त्या कागदावर एकमेकींत मिसळलेल्या असतात. पुन्हा स्क्रेपर घ्या. चार-पाच प्रूफं काढून, प्रत्येकावर पेन्सिलीने खुणा करून काम पुढे नेणं हीच या तंत्राची रीत. मात्र प्रत्येक छपाईगणिक दाबाने बर थोडा बसतो, हेही ध्यानात ठेवा. इंग्लंडमधले संग्राहक सुरुवातीच्या प्रतींना जास्त पैसे मोजत ते यामुळेच. उघड्या तांब्यावरून काही डझन चांगल्या प्रती निघतात, मग काळा फिका पडू लागतो. मोठी एडिशन हवी असेल तर चित्र पूर्ण झाल्यावर प्लेटवर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा पातळ थर चढवून घेतात. पहिल्या प्लेटला दहा प्रतींची एडिशन पुष्कळ झाली. तेवढ्याच काढा आणि त्या सारख्या काढा.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण तो पुढचा टप्पा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ याने तीन रंगांच्या तीन मेझोटिंट प्लेट एकमेकींवर छापून पूर्ण रंगीत चित्र मिळवलं होतं. हामागुचीने पिवळी, लाल, निळी आणि काळी अशा चार प्लेट वापरल्या. चारही आधी रॉक करायच्या आणि प्रत्येकीवर त्या त्या रंगापुरता उजेड काढायचा. चेरीचा लाल जिथे हवा तिथे काळी आणि निळी प्लेट जवळजवळ गुळगुळीत, लाल प्लेटवर मात्र हातच लावायचा नाही किंवा जेमतेम लावायचा. छापताना कागदाची एक कड रोलरखाली पकडलेली ठेवून प्लेट बदलतात, म्हणजे जुळणी हलत नाही. चार प्लेटचं काम चौपट, आणि चूक कोणत्या प्लेटवर आहे हे शोधणं त्याहून अवघड. एकरंगी दोन-तीन प्लेट चांगल्या छापल्याशिवाय इकडे वळू नका. तोक्योत निहोनबाशी भागात १९९८ पासून हामागुचीच्या चित्रांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. तिकडे जाणं झालं तर एक दुपार त्यासाठी राखून ठेवा. चार रंगांतून तयार झालेला तो काळा छापील पुस्तकात पूर्णपणे येत नाही.

आपल्याकडे प्रेसची सोय नाही असं नाही. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात, बडोद्याच्या ललित कला विभागात, दिल्लीला ललित कला अकादमीच्या गढी स्टुडिओत छापचित्रांचं काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. एचिंग, लिथो, लाकूडठसा यांच्या मानाने मेझोटिंटकडे वळणारे विद्यार्थी थोडे, आणि त्याचं कारण मला वेळेखेरीज दुसरं दिसत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्षातून एकदा तरी एक प्लेट विद्यार्थ्यांकडून सामुदायिक पद्धतीने रॉक करून घ्या, प्रत्येकाने दोन खेपा. चोवीस खेपांची पूर्ण काळी प्लेट एकदा सगळ्यांसमोर छापली गेली की पुढचं कुतूहल ते स्वतः घेऊन येतील. आणि जे एकटेच सुरुवात करणार आहेत त्यांना एवढंच सांगणं: तुकडा लहान घ्या, भिंग जवळ ठेवा आणि शेवटची चांदणी विझेपर्यंत रॉकर खाली ठेवू नका.